हातचा

भिरूड बाईंची डुक्कर फियाट, छप्पनचं मॉडेल,
गॅरेजात कधी म्हणून बिघडली नाही.
उभ्या जागी इंजिन असं चालायचं
की बॉनेटवर ठेवलेल्या चहावर साय धरायची.
फैजपूर मागं पडलं, आमोद्याची केळी दिसायला लागली
की दम जायचा तिचा.
पाय दाबावा तर खोकायची,
तिसऱ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पहिल्यात,
मग केळीचे ट्रक हॉर्न देत पुढं
आणि आम्ही कडेच्या निंबाखाली.
अर्धा तास.
मग एका चावीत सुरू,
जशी काही आम्हीच कुरकुर केली होती.

मी गफूर पिंजारी.
बाप कापूस पिंजायचा, मी आवाज पिंजतो.

पहिल्या दिवशी प्लग काढले.
चारही पांढरे, उपासाच्या जिभेसारखे.
म्हणजे पोटात काही पोचत नाही, एवढं कळलं.
तरी पॉइंट घासले, कंडेन्सर बदलला,
हाताला सवय असते आधी विजेवर संशय घ्यायची.
कार्बोरेटर उघडला, जेट तोंडानं फुंकला,
रात्रीच्या भाकरीला पेट्रोलची चव.
पंपाचा पडदा नवा टाकला. नळीत हवा मारली.
टाकीच्या तळातून निघाला
चमचाभर गंज आणि एक मेलेला मुंगळा.
वाटलं, हाच तो.
आमोद्याला पुन्हा निंब.

निंबाखाली माणसं जमायची.
एक म्हणे, वंगण बदल.
एक म्हणे, लिंबू बांध.
एक सायकलवरून न उतरताच,
"इकून टाक भो, भंगारात."
बाई पर्समधून चणे काढून सगळ्यांना द्यायच्या,
त्यालाही.

मग मी उन्हावर ढकललं.
वैशाख, सेहेचाळीस. पेट्रोल नळीतच उकळतंय, बाई,
वाफ अडते.
मुरल्याला केळीत पिटाळलं, ओलं सोपट आणवलं,
पंपाला गुंडाळलं, मुरगळलेल्या पायाला गुंडाळतात तसं.
बाई म्हणाल्या,
"आणि पहाटे साडेपाचला बंद पडली ती?"
छत्तीस वर्षं गणित शिकवलेलं माणूस.
मी पाना पुसत राहिलो.

अकराव्या दिवशी, त्याच निंबाखाली,
बाईंनी स्वतःच तुराटी घेतली,
टाकीत किती उरलंय बघायला.
झाकण फिरवलं

आणि टाकीनं हुस्सकन श्वास आत ओढला,
विहिरीत बुडता बुडता वर आलेल्या पोरासारखा.

मुरल्या चणे खात होता. त्याला काहीच ऐकू आलं नाही.
मला आलं.

जुनं झाकण दिवाळीआधी कुठंतरी पडलं होतं.
हे मी केलेलं.
भुसावळला लेथपाशी अख्खा दिवस उभा राहून,
पितळेचं, आतून रबराची चकती,
गाडी उलटी केली तरी थेंब सांडू नये असं.
बाईंनी तेव्हा त्यावर बोट फिरवलं होतं,
गफूर, दागिना केलास, म्हणाल्या होत्या.
मी घरी जाऊन सांगितलं होतं ते.

पेट्रोल खाली उतरायचं
तर वरून तेवढीच हवा यावी लागते.
जुन्या झाकणाला भोक होतं, सुईच्या टोकाएवढं.
मी ते झिजेचं समजलो होतो.

बाईंना सांगितलं. लगेच नाही.
झाकण अर्धं सैल ठेवून परत येताना,
फैजपूरच्या चौकात, ट्रकच्या गोंगाटात,
ऐकू गेलं नाही तर बरं, अशा बेतानं.
त्यांनी काचेतून हात काढला, वळण दाखवलं,
वळल्या, गिअर टाकला, मग म्हणाल्या,
"हातचा धरायचा राहिला रे तुझा."

गॅरेजात झाकण व्हाइसमध्ये धरलं.
सगळ्यांत बारीक ड्रिल.
पितळेची कोवळी साल वळत वळत वर आली,
मुरल्यानं ती कानाला लावून बघितली.

आता गाडी तापी ओलांडून भुसावळला जाते, येते.
मागच्या सीटवर पेट्रोलचा थोडा वास असतो.
असू दे, म्हणतात बाई.