अर्ध्या तिकिटाची बाजू

म्हार्दोळच्या माळावर तंबू ठोकला तेव्हा
रेजेदोराच्या शिक्क्याचा कागद
मालकानं खांबाला खिळ्यानं मारला,
खाली खडूनं दर: पडद्यापुढे दोन आणे, मागे एक.
मागूनही सगळं दिसतं. फक्त उलट.

पडदा भिजवायचं काम माझं. विहिरीच्या चार घागरी.
ओला असला की उजेड आरपार जातो.
मग मागे जाऊन हँडल फिरवायचं,
सेकंदाला दोन फेरे. मालक म्हणायचा, अडीच कर,
कार्बन काय तुझा बाप देणार?
आणि बाणस्तारीची होडी चुकली
तर डबे डोक्यावरून नेशील?

तबल्याला भिकूमाम, तिथलाच, एका रात्रीच्या रोजावर.
पाठलागाला वाजव, लग्नाला वाजव,
रडण्याच्या वेळी गप्प बस.
तिसऱ्या रिळात राजाचा दरबार,
कापडी खांब वाऱ्यानं जरासे हलतात,
आणि मधोमध तंबोरा घेऊन मिस पद्मलोचना.

नाव कुणी घेतलं नाही.
पण देवळामागच्या घरांतून आलेल्या सगळ्यांनी ओळखली.
अनशी. मामाची शिष्या.
तीन वर्षांपूर्वी पणजीहून आगबोटीत बसली ती
गळ्याच्या जोरावर,
आणि पोचली तिथं, जिथं गळा सोडून सगळं घेतात.

तिनं तोंड उघडलं.
ऐकू आलं ते माझं यंत्र, झोपेत दात खाणाऱ्या माणसासारखं.
मामाचा हात तबल्यावरच थांबला.
तो तिच्या ओठांकडे बघत नव्हता,
मांडीवर पडणाऱ्या बोटांकडे बघत होता.
मग भर खेळात उभा राहून माझ्याकडे वळला,
"सवकास रे पोरा! ती झुमऱ्यात गातेय,
तू तिला मुंग्या चावल्यागत पळवतोस!"

मालक दाराशी चिल्लर मोजत होता.
मी हात सैल सोडला. दीड फेरा. एक. त्याहून कमी.
चित्र लुकलुकायला लागलं, तेल संपत आलेल्या समईगत,
पण तिची टाळी मांडीवर पडली
ती मामाच्या 'धिं'वर पडली.
पुढच्या आवर्तनातही पडली.
माझ्या पुढ्यातला एक पाद्री, हसायला आलेला,
टोपी काढून बसला.

मला ठाऊक नव्हतं असं नाही.
पट्टी हळू चालली की दिव्यापुढे भाजते.
समेला दोन मात्रा उरल्या असताना
तिच्या कानाच्या पाळीशी तपकिरी फोड उठला,
गालावर पसरला, तंबोऱ्याचा भोपळा खाल्ला.
मी झाकण पाडलं.
काळोखात सम एकट्या मामानं घेतली.

पडदा उतरवायला गेलो तर मागच्या बाजूला,
एक आण्याच्या गोणपाटावर, तिची आई.
"आमच्या अनशीची चमकी डाव्या नाकपुडीत.
हिची उजवीकडे.
आणि डावखुरी कशी झाली?
ही दुसरीच कुणी."
सांगायला हवं होतं.
मी पडदा पिळत होतो, पाणी तिच्या पायांपर्यंत गेलं.
पाय न हलवता तिनं विचारलं,
"उद्या पुढून बसू?"
उद्या आम्ही डिचोलीला.

मालकानं महिन्याचा पगार कापला,
मी जळलेली दीड हात पट्टी कापली,
उरलेली टोकं एकमेकांना चिकटवली.
डिचोलीला, पेडण्याला, पुढे सावंतवाडीला
ती तोंड उघडायची आणि लगेच मिटायची.
लोकांना वाटायचं, बाई शिंकल्या.
पोटभर हसायचे.
मी तेवढ्यापुरता हात सैल सोडायचो.