पाठराखीण

फॉर्मवर दोन चौकोन आहेत.
लाभधारक. प्रकल्पग्रस्त.
अंकाऱ्याहून आलेली पोरगी म्हणते, एकावरच खूण करा, हेदिये मावशी,
दोन्हींवर केली तर मशीन कागद बाहेर फेकतं.

चहा घे आधी. साखरेचे दोन खडे.
आणि पेन जरा बाजूला ठेव.

माझं माहेर वर, नदीकाठच्या डोंगरात.
लग्न होऊन हार्रानच्या या सपाटीवर उतरले
तेव्हा माझी कुर्दी इथल्या गाढवांनाही कळत नव्हती
आणि सोबत पाठराखीणही कुणी आली नव्हती.
सासूबाईंनी पहिल्याच दिवशी हातात दोर दिला.
टाकं तासाभरावर, पाणी मचूळ, रांगेत रोजचं भांडण.

तिकडे वर मोजणीदार आले.
बाबांची पिस्त्याची झाडं चौऱ्याऐंशी, लिहिली.
घर दगडी, दोन खोल्या, लिहिलं.
अंगणातली तुती कुठल्याच रकान्यात बसेना.
तिची फळं कधी विकलीच नव्हती आम्ही,
वाटेनं जाणाऱ्या पोरांचे ओठ तेवढे जांभळे व्हायचे.
आजोबांची हाडं पिठाच्या पोत्यातून वर नेली.
माझा एक भाऊ होता, अकरा दिवसांचा.
त्याच्या उशाला ठेवलेला धोंडा आईला सापडलाच नाही,
नदीकाठी धोंड्यांना काय तोटा.
मग बाबांनी घरावर पाणी सोडलं.
मिळाले त्या पैशांची मिनीबस घेतली,
ती धाकट्यानं आदानाच्या रस्त्यावर उलटवली.

मला इथे अकरा वर्षं झाली होती
आणि एका सकाळी बोगद्यातून पाणी आलं.
अख्खं गाव कालव्यावर. माझा नवरा, हालेफ,
ज्याला मी कधी घाई करताना पाहिलं नव्हतं,
बूट हातात घेऊन पाण्याच्या पुढे पुढे पळत होता.
सासूबाईंनी ओंजळ भरली, चाखली,
म्हणाल्या, गोड आहे गं तुझ्या गावचं.
मी तोंड धुतलं. दुसरं काही सुचेना.
उशिरा का होईना, आली माझी पाठराखीण,
आमच्या चुलीवरून, आमच्या तुतीवरून,
त्या अकरा दिवसांच्यावरून.

हो, लिही ना, कापूस लिही.
पहिल्या साली तर छातीएवढा.
टाक्याच्या दोरावर मी धुणं वाळत घातलं, अजून घालते.
थोरली कापसावरच शिकली, अँतेपला,
तीही आता असलेच कागद भरते, इस्पितळात.

आणि आम्ही पाजत राहिलो जमिनीला.
जन्मभर तहानलेल्याला बास म्हणता येतं का?
खालच्या शेतात एकदा पांढरं दिसलं,
मला वाटलं, यंदा बोंडं लवकर फुटली.
हालेफनं चिमटीत घेऊन जिभेवर ठेवलं
आणि तसाच उभा राहिला, थुंकलाही नाही.
मीठ.
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात, पण ही तर
मिठालाच जागी झाली होती, जमीन.

सीमेपलीकडून त्याची आत्या फोन करायची.
इकडे नदी घोट्याएवढी झाली रे, तुमच्याकडे किती?
तो म्हणायचा, बरी आहे.
किती, ते कधी सांगितलं नाही त्यानं.
आता तो नंबर लागतच नाही.

चहा निवला बघ तुझा.
खूण कर तू तुला वाटेल तिथे, मी अंगठा देते.
मला निजायला हवं थोडं, आज आमची पाळी रात्री दोनची.
चारीचं दार उघडायला मीच जाते,
मुलगा म्हणतो, तुझे गुडघे राहिलेत का आता.
पण काठावर बसते तासभर, कुर्दीत बोलते तिच्याशी,
घरी कुणाशी बोलणार?
आणि पाळी संपली की दार पाडायला
दर वेळी माझा हात थोडा उशीर करतो.
तेवढ्यानंच मीठ वर येतं.
ठाऊक आहे मला.