अराव

चाकं काढली की गाडी
आंघोळीला बसवलेल्या म्हाताऱ्यासारखी दिसते,
मी म्हटलं.
इथेल हसला नाही.
त्याचा राग अजून मेंढीवरच होता.

मेंढी मेली नाही, हे आधी सांगते.
खिंडीच्या उतारावर, तिसऱ्या वळणाला
ड्रम तापले, आणि पेडल खाली गेलं
अंधारात नसलेल्या पायरीवर पाय पडावा तसं.
गाडी दगडी कुंपणाला घासत थांबली.
मेंढी रस्त्यातच उभी, चघळत,
आणि माझ्या मांडीवरचा केक
काचेवर.

मग आठवडाभर कॅटलॉग.
चॅपलमध्येसुद्धा, स्तोत्रांच्या पुस्तकात लपवून.
पुढच्या दोन चाकांना डिस्क, कॅलिपर,
पोलादी जाळी विणलेल्या नळ्या.
किंमत त्याने इंग्रजीत सांगितली.
आमच्या घरात इंग्रजी फक्त वाईट बातमीला.

चाळीस वर्षं या माणसाने पळण्यासाठी पैसे मोजले:
जोडीचे कार्ब्युरेटर, एक्झॉस्ट,
कसलासा कॅमशाफ्ट, जो आमच्या नव्या सोफ्याऐवजी आला.
थांबण्यासाठी हा पहिलाच खर्च.
मी काही बोलले नाही.
म्हणजे, फारसं नाही.

सत्तावन्न सालचे बोल्ट.
त्यांना तेल पाजलं, तापवलं, तांब्याच्या हातोडीने समजावलं.
एक ड्रम निघाला तो थेट शेडच्या दाराशी गेला,
वाऱ्याने दार आपटू नये म्हणून.
दुसरा अजून स्वयंपाकघरात आहे.
विचारू नका.

ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात.
मी आत, पेडलवर पाय.
तो खाली, हातात पाना,
नळीचं टोक जॅमच्या बरणीत.
"दाब."
दाबलं.
"धर."
धरलं.
"सोड."
लग्नाला बेचाळीस वर्षं झाली,
इतकं सरळ बोलणं आमच्यात क्वचितच झालंय.

बरणीत बुडबुडे आले, मग यायचे थांबले.
तरी पेडल स्पंजासारखं.
दुपार गेली. तेलाची दुसरी बाटली गेली,
तिचे चार थेंब लाल रंगावर पडून रंग खाऊन गेले.
शेजारचा ग्वाल्टर आला,
मास्टर सिलिंडरला दोष देऊन, चहा पिऊन गेला.
इथेल स्लेटच्या गार फरशीवर पडून राहिला.
बाहेर फक्त त्याचे बूट,
टाचा एका बाजूने झिजलेल्या.
किती लहान दिसत होते ते बूट.

मी एकोणीस हिवाळे शाळेची केअरटेकर होते.
तेवीस रेडिएटर. दर ऑक्टोबरात
किल्ली घेऊन एकेकाची हवा सोडत फिरायचे.
हवेला खालचा मजला आवडत नाही, एवढं मला कळतं.
गुडघे मोडून मी चाकाच्या जागेत डोकावले:
हवा सोडायचं निपल खाली, जमिनीकडे तोंड करून.
डाव्याचा कॅलिपर उजवीकडे, उजव्याचा डावीकडे.
"ती माळ्यावर बसलीये," मी म्हटलं,
"आणि तू तळघराचं दार उघडून
तिला ये म्हणतोयस."

गाडीखाली बराच वेळ शांतता.
मग एक शिवी, स्वतःलाच, जवळजवळ प्रेमाने.

दिवे लागायच्या वेळी पेडल वर आलं
आणि वरच राहिलं.
दगडासारखं नव्हे;
पलीकडून कुणी माझ्या तळव्याला
तळवा लावून उभं असावं तसं.

आमच्याकडे उतारावर रस्त्यावरच लिहितात,
पांढऱ्या, माणसाएवढ्या अक्षरांत:
अराव.
हळू.
या शब्दावरून इथेल इतक्यांदा गेलाय
की त्याचा रंग थोडा आमच्या टायरांना असेल.

काल, तिसऱ्या वळणाच्या अलीकडे
गाडी नाक खाली घालून थांबली.
नव्या पॅडचा करपट वास.
पुढे अख्खा शब्द, एकही अक्षर चाकाखाली नाही.
मागून कुणी येत नव्हतं.
त्याने तो मोठ्याने वाचला,
बाईंनी उभं केलेल्या मुलासारखा.

मी केक घट्ट धरून बसले होते.

मेंढ्या त्या दिवशी वरच्या कुरणात होत्या,
एकही रस्त्यावर नाही.
तो जरा हिरमुसला.