चौथा प्रश्न

फॉर्मवर बारा प्रश्न होते.
चौथा माझ्या वाट्याला आला,
कारण पहिले तीन मस्यू दलापोर्तने स्वतःकडे ठेवले.
रेनहून आलेला माणूस.
सार्डिनचं डोकं कुठल्या बाजूने कापतात
हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं,
आणि त्यानेही विचारलं नव्हतं.

समोर ग्वेंदाल.
नोल्वेनचा धाकटा.
त्याच्या पहिल्या सायकलची सीट मागून धरून
मी धक्क्यावर धावले होते,
सोडू नको म्हणाला तेव्हाच सोडली होती.
आज भावाचा कोट घालून आलेला,
बाह्या बोटांच्या पेरांपर्यंत.

मी कागदावरून वाचलं:
"या जागेसाठी अर्ज करण्यामागे
आपली प्रेरणा काय, हे सांगाल का?"

आपली.
सांगाल.
माशाचा काटा घशात आडवा जावा तसे दोन शब्द.
आत पट्ट्यावर आम्ही सगळ्या अरे-तुरेवाल्या,
हातात कात्री चालू असताना
अहो-जाहो कोणाला परवडतं?
आणि ज्याला तेवीस वर्षं
"ऊठ रे गाढवा"च्या वर कधी नेला नाही
त्याला मी एकदम इतक्या उंच खुर्चीत बसवलं
की त्याचे पाय जमिनीला टेकेनात.

तोही खाली उतरला नाही.
"मादाम," म्हणाला.
मला!
मग पाठ केलेलं सगळं आलं,
ग्रंथालयातल्या नमुनापत्रावरून उतरवलेलं:
एका गतिमान संस्थेत, संघभावनेने,
नवनव्या आव्हानांना
इथे त्याचा श्वास संपला.
दलापोर्तने बरोबरची खूण केली.
खिडकीबाहेर एक सीगल
रिकाम्या खोक्यावर चोच आपटत होता.
त्याची प्रेरणा स्पष्ट होती.

संध्याकाळी ग्वेंदाल बंदराच्या भिंतीवर सापडला.
कोट घडी करून मांडीवर,
पुडीतले तळलेले बटाटे गार.
मी शेजारी टेकले.
"का रे,
का करायचंय तुला हे?"

प्रश्न तोच होता,
फक्त बूट काढून आला होता.

बराच वेळ तो नुसता खात राहिला.
मग म्हणाला, पहाटे चारची पाळी.
यंत्रांचा इतका आवाज असतो म्हणे
की कोणी कोणाला काही विचारू शकत नाही.
घरी सगळे विचारतात. पुढे काय,
ब्रेस्टला का नाही गेलास, ती मुलगी कुठे गेली.
"निदान सकाळपर्यंत
मला कशाचंच उत्तर व्हायचं नाहीये."

आणि तो डबा बंद होतानाचा आवाज.
बुधवारी शाळा नसायची, आई तुझ्या भरवशावर सोडायची,
फाटकाशी उभा राहून ऐकायचो.
टक.
टक.
काहीतरी पुरं झाल्यासारखं.

हे मी कुठल्या रकान्यात लिहिणार होते?

त्याने पुडी माझ्यापुढे धरली,
आणि सहज, मीठ मागावं तसं:
"आणि तू?"

एकतीस वर्षं.
मला कोणी विचारलंच नव्हतं.
तेव्हाच्या मुकादमीणबाईंनी
माझे हात उलटेसुलटे करून पाहिले,
नखं आखूड आहेत ना, एवढं बघितलं,
"सोमवार," म्हणाल्या.
ना तू, ना तुम्ही.
नुसता वार.

समोर नावा ओहोटीत चिखलावर कलंडलेल्या.
मी तोंड उघडलं, मिटलं.
संघभावना आठवली, ती गिळली.
"विचार करून सांगते," म्हणाले.

तो उठला, भावाचा कोट अंगात चढवला,
बाह्या सावरल्या, दलापोर्तसारखी मान किंचित तिरकी केली:
"आभारी आहे, मादाम.
आम्ही आपल्याला कळवू."

हसताना बटाटा घशात अडकला माझ्या.
त्याने पाठीत जो धपाटा घातला
तो मात्र पक्का
अरे-तुरेतला.