न झाडलेलं अंगण

पहाटे साडेचारला वस्तीत खराटे सुरू होतात.
आधी एनिफाच्या दारात, मग चर्चच्या मागे,
मग टेकडीकडच्या नव्या पत्र्याच्या घरापाशी.
झोंबाच्या डोंगरावरून उजेड उतरायच्या आत
सगळ्यांची तांबडी माती
भांग पाडल्यासारखी रेघारेघांची.

माझा हात पांघरुणाखाली आपोआप हलतो.
मी उठत नाही.

एकतीस वर्षं गृहशास्त्र शिकवलं मी.
फळ्यावर लिहायची: स्पंज केक.
मार्गारीन आठ औंस, अंडी चार.
समोरच्या मुलींच्या घरी चार अंडी म्हणजे
मीठ, साबण आणि धाकट्याची वही.
तरी त्यांनी उतरवून घेतलं, सुवाच्य अक्षरात,
आणि कधी न चाखलेल्या केकला
पैकीच्या पैकी गुण मिळवले.
आदर्श गृहिणीची लक्षणं. क्रमांक एक:
अंगणात पान दिसता कामा नये.
हे मीच शिकवलं. छडी हातात घेऊन.
आणि घरी येऊन इतकं झाडलं, इतकं झाडलं
की झाड म्हणून उरलं नाही.

मग पेन्शन अडली. फेब्रुवारीत मक्याचं पोतं
तळापासून झटकून पाहिलं दोनदा.
तेव्हा ताडाला आली, खांद्यावर कुदळ टाकून.
केक जाळला म्हणून मी नापास केलेली ताडाला.
म्हणाली, बाई, तुमचं आंघोळीचं पाणी कुठे जातं?
जातं, म्हटलं.
कुठे?
मला उत्तर आलं नाही.

न्हाणीमागे तिने कमरेइतका खड्डा खणला,
त्यात पाचोळा, शेण, माझ्या जुन्या उत्तरपत्रिका.
कडेने तीन केळी.
कुंपणाला शेवगा. मक्याच्या ओळींत तूर.
आणि जाताना माझ्या हातातून खराटा काढून
छपरात खोचला, उंच, माझा हात पुरणार नाही असा.

घेवडा आता वीस मिनिटं उकळते,
मग पातेलं उचलून टोपलीत ठेवते,
खाली सुकी केळीची पानं, वर जुनं ब्लँकेट,
तापलेल्या पोराला निजवावं तसं.
दुपारी उघडावं तर मऊ शिजलेला.
हा धडा माझ्याच पुस्तकात होता,
शेवटच्या पानावर, परीक्षेला नसलेला.
वहीत लिहिते: कोळसा, अर्धी पिशवी शिल्लक.

ऑगस्टात नणंद आली, ब्लँटायरहून, मिनीबसने.
दोरिका कुंपणाशीच थांबली.
गुडघाभर पाचोळा बघून हळूच विचारलं,
कोण गेलं?
कोणी नाही.
मग तू आजारी आहेस.
नाही.
साप येतील.
एक आला होता. उंदीर खाऊन गेला.

तिला राहवेना. एनिफाकडून खराटा मागून आणला,
पदर खोचावा तसं चितेंजे घट्ट गुंडाळलं
आणि झाडत सुटली,
तुरीच्या पहिल्या रोपापाशी येऊन थबकली.
वाकली. हाताने पानं सारली.
खालची माती दोन पेरं काळी, थंड,
ऑगस्टच्या कोरड्यातसुद्धा ओली.
वास घेतला तिने. बोलली काही नाही.

जेवायला न्सिमा, शेवग्याचा पाला, तूर.
तिने दोनदा वाढून घेतलं आणि मीठ कमी आहे म्हणाली.

निघताना मी तिचं गाठोडं बांधत होते,
तेव्हा तिने सुपातल्या तुरीची मूठ उचलली,
चितेंजेच्या टोकाला गाठ मारली.
मी गाठोड्याकडेच पाहत राहिले.

तिने झाडलेली तेवढी जागा
दुपारी इतकी तापते की अनवाणी उभं राहवत नाही.
तिथे पानं परत पडतायत, सावकाश.

दारापुढची दोन पावलं मात्र मी अजून झाडते,
भाताचं सूप पाखडायच्या छोट्या केरसुणीने.
सवय जात नाही.
शिवाय कोंबडीलाही
धुळीत लोळायला कुठेतरी जागा लागतेच.