बेबी ऑफ त्रिशला

मिरजेच्या या वॉर्डात
खिडक्या चार बोटंच उघडतात.
तेवढ्यातून येतो स्टेशनाकडचा भोंगा
आणि कुठूनसा भाजलेल्या रव्याचा वास.

माझ्या खाटेला खेटून त्याची, कठड्याची.
मनगटावर पट्टी : बेबी ऑफ त्रिशला.
बारसं राहिलंच.
दुधगावात आत्याबाईंनी कुंची शिवून ठेवली होती,
पण मी तेव्हा तीन रात्री जागी,
आणि मागची विहीर नावानं हाक मारायची.
त्याला नाव नव्हतं. मला होतं.

गावात सांगितलंय, कावीळ झालीय.

शेजारची शबाना नदाफ
पोरीला पाजते, भिंतीकडं तोंड करून रडते,
मग विचारते, तुमच्यात आमटी कशी करतात?
गोळ्यांनी जीभ जड झालेली,
तरी सांगते मी. बिनलसणाची.

आज त्यानं स्वतःचाच गाल ओरबाडला.
आवळे सिस्टरांकडं नेलकटर मागितलं.
ते कुलपात असतं, म्हणाल्या,
सही लागते, सकाळी बघू.

मग मी त्याचं बोट
दातांत धरलं.
तांदळाच्या कणीएवढं नख.
सिस्टर पंख्याखाली उभ्या,
हातातला चार्ट तसाच.
जवळ आल्या नाहीत,
लांबही गेल्या नाहीत.

एक एक करत दहा.
कण जिभेवर आला की तळहातावर घ्यायचा.
आठव्याला तो झोपला.
उरलेली दोन
मी फार हळू काढली.