पत्र्यावरचा आवाज

पहाटे साडेपाचला ताबुबिलच्या कचेरीत
हवामानाचा छापील कागद मिळतो.
ढग विखुरलेले, तळ दोन हजार फूट,
दुपारी गडगडाट, शक्यता तीस टक्के.
हे तीस टक्के ढगाला कुणी सांगितलेले नसतात.
मी कागदाची घडी मांडीखाली ठेवते.

मी हनुआबादाची, समुद्राकाठची.
आमच्याकडे ढग दुरून चालत येताना दिसतो,
वाळत घातलेले कपडे काढायला वेळ देतो.
इथे तो जमिनीतून उगवतो,
दहाच्या आत दरीच्या गळ्यापर्यंत येतो.

खरं हवामान सात वाजता, रेडिओच्या खरखरीतून:
ओक्सिविपच्या पट्टीवरून दुगिम बोलते.
तिच्याकडे एकही यंत्र नाही.
चर्चचा क्रूस दिसला, तर एक किलोमीटर.
नदीपलीकडची दरड दिसली, तर चार.
आणि कड्यावरचं ते एकटं, केवड्याच्या जातीचं झाड दिसलं,
तर खिंड उघडी.
वारा ती धुरावरून सांगते:
"आज धूर वेसानीच्या घरात शिरतोय."
म्हणजे उतरताना वारा पाठीमागून, आठेक नॉट.
मी रॉकेलचे दोन डबे खाली ठेवते.

पहिल्या वर्षी मी हसले होते.
कोरोआ, ज्यानं मला ही खिंड शिकवली, तो हसला नाही.
म्हणाला, मागची वाट बघत जा,
पुढची तर सगळेच बघतात.

गुरुवारी दुगिम म्हणाली,
क्रूस दिसतोय. झाड दिसतंय. सगळं दिसतंय.
ये. वेसानी अडलीय, परवापासून.
बटण तिनं जरा जास्त वेळ दाबून धरलं,
आणि शब्द संपल्यावर
मला पत्र्यावर पाऊस ऐकू आला.
रिमझिम नव्हे. मूठमूठ खडे फेकावेत तसा.

मी तिला खोटं पाडलं नाही.
येते म्हणाले.
मागची दोन आसनं काढून झोळीपुरती जागा केली
आणि निघाले.

नऊ हजार फुटांवर खिंड नव्हतीच.
डावीकडे एक फट होती,
माझ्या पंखांहून थोडी रुंद,
आणि फटीत काहीतरी हिरवं.
हिरवं म्हणजे दरी,
नाहीतर हिरवं म्हणजे उतार.
मी मागे पाहिलं. मागचंही मिटत आलं होतं.

वळले.
वळताना डावा पंख खाली गेला,
आणि वेसानी होती ती सगळी दिशा
काही क्षण माझ्या खिडकीत होती. पांढरी.

दिवसभर तिकडून नुसती खरखर.

शुक्रवारी सात वाजता दुगिम:
क्रूस दिसतोय. झाड दिसतंय.
झाडामागचा डोंगरही दिसतोय.
धूर सरळ वर.
मग बटण दाबूनच ठेवलं तिनं.
मी ऐकत राहिले. कोंबडा.
कुणाची तरी कुऱ्हाड, थांबून थांबून.
पत्रा गप्प.

"सावकाश ये," ती म्हणाली.

असं तिनं आधी कधी म्हटलं नव्हतं.
मी वजनाचा हिशेब पुन्हा केला,
रॉकेलचे डबे आत घेतले.
झोळीची जागा मात्र तशीच ठेवली.